बिडाच्या पाइपावरचा रंग का टिकत नाही?

गिरगाव किंवा दादरच्या एखाद्या जुन्या इमारतीच्या मागच्या गल्लीत उभे राहून वर पाहिले, तर भिंतीला बिलगून खाली उतरलेले बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, पाइप दिसतात. रंगकामानंतर ते वर्षभर चकचकीत असतात. दुसरा पावसाळा सरला की रंगाला फुगे येतात, पापुद्रे सुटतात आणि सगळा दोष रंगाच्या डब्यावर जातो. बहुतेक वेळा दोष रंगाच्या खाली असतो.

लोखंड गंजण्यासाठी पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात. समुद्राकाठच्या हवेतील मीठ यात भर घालते, कारण ते हवेतला ओलावा ओढून घेते आणि त्या ओलाव्यातून वीज सहज वाहू देते; गंजण्याची क्रिया अशा सूक्ष्म वीजप्रवाहावरच चालते. तयार झालेला गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो, म्हणूनच वरचा रंग खालून उचलला जातो. तारेच्या ब्रशने सुटा गंज निघतो, पण बारीक खड्ड्यांच्या तळाशी मीठ उरतेच. त्यामुळे घासल्यावर पाइप गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवणे हे काम टाळण्यासारखे नाही, आणि नेमके तेच टाळले जाते.

बिडात साधारण २ ते ४ टक्के कार्बन असतो व त्यातला बराचसा ग्राफाइटच्या पाकळ्यांच्या रूपात असतो. कधी कधी लोखंड झिजून जाते आणि ग्राफाइटचा सांगाडा पाइपाचा आकार तसाच धरून राहतो. असा पाइप वरून धडधाकट दिसतो, पण सुरीच्या टोकाने खरवडला जातो. माठ घेताना मारतो तशी टिचकी इथे हातोडीने हलकेच मारावी. आवाज बद्द आला, तर रंगाआधी प्लंबरला बोलवावे.

जुन्या रंगात, विशेषतः शेंदरी प्रायमरमध्ये (रंगाखालच्या पहिल्या थरात), शिसे असू शकते. शेंदूर म्हणजे शिशाचे ऑक्साइडच. घरगुती रंगांतील शिशावर भारतात ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, म्हणून त्याआधीचे थर कोरडे घासू नयेत. पाणी मारून, मुलांना दूर ठेवून घासावेत.

न निघणाऱ्या गंजावर टॅनिनयुक्त द्रव लावतात. विळीवर कच्चे केळे चिरताना पाते काळे पडते, तीच ही रासायनिक क्रिया: टॅनिन आणि लोखंड मिळून काळसर, न विरघळणारे संयुग बनते. त्यावर प्रायमर येतो. आपल्याकडचा लाडका रेड ऑक्साइड रासायनिकदृष्ट्या गेरूचाच भाऊ, म्हणजे लोखंडाचेच ऑक्साइड; ते पाणी अडवते, पण गंजाची क्रिया रोखत नाही. समुद्राजवळ झिंक फॉस्फेटचा प्रायमर मला अधिक भरवशाचा वाटतो. जुन्या पाइपाला कारखान्यात दिलेला डांबरी लेप शिल्लक असेल, तर तो नव्या रंगातून तपकिरी डागांच्या रूपात वर झिरपतो. तिथे आधी अ‍ॅल्युमिनियम रंगाचा हात द्यावा.

हे काम डिसेंबर ते फेब्रुवारीत करावे, मात्र सकाळचे दव वाळल्यावर, कारण पाइपाचे तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचे दव होते त्यापेक्षा) निदान ३ अंश सेल्सिअसने जास्त हवे. भिंतीकडची बाजू सर्वांत आधी रंगवावी. ती खालून दिसत नाही, ब्रश तिथे पोहोचत नाही, आणि ओल सर्वांत उशिरा तिथेच सुकते. वाकड्या दांड्याचा लहान ब्रश आणि हातात धरायचा आरसा, एवढ्यावर ती रंगवता येते.