कॅम्परमधील गीझरचे तापमान-नियंत्रण

कॅम्परव्हॅन किंवा ट्रेलरमधील गीझरचे पाणी ठरावीक तापमानावर राखणे आणि सोसवेल इतके करून नळापर्यंत पोचवणे, म्हणजे तापमान-नियंत्रण. पहिले काम थर्मोस्टॅट करतो, दुसरे विसण. बहुतेक तक्रारी दुसऱ्या कामातल्या असतात, आणि बदलला मात्र थर्मोस्टॅट जातो.

टाकीचा गीझर साधारण 22 किंवा 38 लिटरचा असतो. बऱ्याच मॉडेलांत थर्मोस्टॅट 55 ते 60 अंश सेल्सिअसच्या आसपास कारखान्यातच ठरवलेला असतो. फिरवायला खुंटी नसते. टाकीला चिकटून बसलेली ही चकती पाण्याचे नव्हे, तर टाकीच्या पत्र्याचे तापमान मोजते. तिच्या मागे धूळ किंवा गंज साठला, वा पकडणारी पट्टी सैल झाली, की पाणी जास्त तापते. सुमारे 82 अंशांवर दुसरी, सुरक्षेची चकती गॅस किंवा वीज तोडते. ती एकदा उडाली तर बटण दाबून पुन्हा चालू करावी. वारंवार उडत असेल तर बटण दाबत राहू नये. मुख्य थर्मोस्टॅटचे संपर्क चिकटलेले असण्याची शक्यता मोठी.

60 अंशांचे पाणी मोठ्या माणसाची कातडी सुमारे 5 सेकंदांत गंभीर भाजते. मुलांची त्याहून लवकर. तरीही टाकी 45 अंशांवर ठेवणे हा उपाय नव्हे. 20 ते 45 अंशांच्या पाण्यात न्यूमोनिया घडवणारे लिजिओनेला जिवाणू वाढतात, शिवाय पाणी पुरत नाही. थंड पाणी 15 अंशांचे असेल, तर 60 अंशांच्या 22 लिटरमध्ये विसण घालून 40 अंशांचे सुमारे 40 लिटर पाणी होते. 50 अंशांच्या टाकीतून जेमतेम 31 लिटर. (आत येणारे थंड पाणी टाकीत मिसळत असल्याने प्रत्यक्षात दोन्ही आकडे कमी भरतात.) म्हणून टाकी गरम ठेवून तिच्या तोंडाशी थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्ह बसवावा. तो स्वतःच विसण घालतो आणि नळाकडे 48-49 अंशांचे पाणी सोडतो.

बर्नर व्यवस्थित पेटतो, टाकी हाताला चटका देते, पण नळाला पाणी कोमट: अशा वेळी आधी बायपासची चावी पाहावी. हिवाळ्यात टाकी रिकामी करताना ती उघडली जाते आणि अर्धवट उघडी राहते, मग थंड पाणी टाकीला वळसा घालून थेट गरम नळीत शिरते. दुसरी जागा गाडीबाहेरचा शॉवर. हँडलवरचे बटण बंद, पण मागच्या दोन्ही तोट्या उघड्या राहिल्या, तर थंड-गरम पाणी तिथेच एकमेकांत मिसळते. खात्री करण्यासाठी गीझर बंद करून टाकीकडे जाणारी थंड पाण्याची चावी बंद करावी, पंप चालू ठेवून गरम नळ सोडावा. दाब उतरल्यावरही धार चालूच राहिली, तर थंड पाणी कुठून तरी घुसते आहे.

बिनटाकीच्या गीझरचे गणित वेगळे. पाण्याला 10 किलोवॅट उष्णता मिळत असेल, तर मिनिटाला 5 लिटर धारेत तापमान सुमारे 29 अंशांनी वाढते, 4 लिटर धारेत 36 अंशांनी. इथे धार हाच नियंत्रक. पाणी कढत वाटले म्हणून थंड तोटी उघडली, की गीझरमधून जाणारी धार मंदावते, पाणी आणखी तापते आणि सुरक्षा-चकती ज्योत विझवते. मग अंगावर थंडगार पाणी. धार किमान मर्यादेखाली गेली तरी ज्योत विझतेच. त्यामुळे तापमान गीझरवरच 42 अंशांच्या जवळ ठरवून गरम तोटी पूर्ण सोडावी आणि थंड तोटीला हात लावू नये. साबण लावताना पाणी थांबवायची सवय असेल, तर टाकीचाच गीझर बरा.

टाकी तापताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब गळतात, त्याला लोक थर्मोस्टॅटचा दोष समजतात. 22 लिटर पाणी 15 वरून 60 अंशांवर गेले की सुमारे एक तृतीयांश लिटरने फुगते; टाकीच्या माथ्यावरची हवेची पोकळी पाण्यात विरघळून संपली असेल, तर त्याला जागा उरत नाही. गीझर बंद करून पाणी पूर्ण गार होऊ द्यावे, पंप थांबवावा, गरम नळ सोडून दाब उतरवावा आणि व्हॉल्व्हची दांडी उचलून पाणी वाहायचे थांबेपर्यंत धरावी. मग दांडी सोडून नळ बंद करावा आणि पंप चालू करावा. एवढे करूनही पाणी तापताना गळत राहिले, तर व्हॉल्व्हच बदलावा. त्याचे तोंड बुच मारून कधीही बंद करू नये.