विशेष काळ, क्यूबा : टंचाईतील जीवनकौशल्ये

सोव्हिएत संघ १९९१ मध्ये कोसळला आणि त्याच्या आधारावर उभ्या असलेल्या क्यूबात दीर्घ टंचाई सुरू झाली. या टंचाईला तेथील सरकारने ‘शांततेच्या काळातील विशेष काळ’ असे नाव दिले. युद्धात बेटाची नाकेबंदी झाली तर देश कसा चालवायचा, याच्या लष्करी योजना आधीपासून तयार होत्या. युद्ध झाले नाही, पण बंदरात जहाजे येणे मात्र जवळजवळ थांबले. टंचाईची चाहूल लागताच, १९९० पासूनच, हे नाव वापरात आले होते. सर्वांत हलाखीची वर्षे १९९१ ते १९९४ ही होत. समाजव्यवस्था मोडली तर सामान्य माणसाच्या हाताला काय येत असले पाहिजे, या प्रश्नाचे उत्तर पुष्कळजण जंगलात आग पेटवण्याच्या आणि शिकारीच्या धड्यांत शोधतात. क्यूबाचा अनुभव वेगळा आहे. तेथे उपयोगी पडली ती बैल वळवणारी, वाफे करणारी आणि मोडके दुरुस्त करणारी माणसे.

क्यूबाची साखर सोव्हिएत संघ चढ्या भावाने विकत घेई आणि त्याबदली खनिज तेल, धान्य, खते, ट्रॅक्टर व त्यांचे सुटे भाग पाठवी. चांगली जमीन उसाखाली आणि जेवणातले बरेचसे बाहेरून, अशी घडी बसली होती. १९८९ ते १९९३ या काळात देशाची आयात सुमारे तीन-चतुर्थांशाने आणि एकूण उत्पन्न जवळपास एक-तृतीयांशाने घटले. अमेरिकेचे निर्बंध १९६२ पासून होतेच. १९९२ च्या कायद्याने ते आणखी आवळले गेले. लॅटिन अमेरिकेत शेतीचे यांत्रिकीकरण क्यूबाइतके फार थोड्या देशांत झाले होते. त्यामुळे डिझेल आटल्याचा फटकाही तेथेच अधिक बसला.

सर्वांत शिकण्यासारखे प्रकरण बैलांचे आहे. सरकारी शेतांवर ट्रॅक्टर उभे राहिले तेव्हा बैलांकडे परतायचे ठरले, पण ठरवून नांगर चालत नाही. बैल हवेत, म्हणजे गोऱ्हे कापायचे थांबवून वाढवायला हवेत. त्यांना जुंपायला शिकवायला हवे, आणि शिकवणारा माणूस हवा. ट्रॅक्टरवर वाढलेल्या पिढीला यातले काहीच येत नव्हते. हे ज्ञान उरले होते ते डोंगराळ भागातल्या लहान खाजगी शेतकऱ्यांकडे, बहुतेक म्हाताऱ्यांकडे. त्यांना बोलावून नव्या गड्यांना शिकवण्याचे वर्ग भरवण्यात आले. खोंड जोडीने शिकतो. डावा कोण, उजवा कोण हे त्याच्या अंगवळणी पडावे लागते, हाकेचा अर्थ कळावा लागतो, आणि या सगळ्याला काही महिने जातात. क्यूबन पद्धतीचे जू आपल्यासारखे मानेवर बसत नाही. ते शिंगांच्या मागे ठेवून कातडी वादीने शिंगांना आवळून बांधतात, कपाळावर गादी देतात. ही पद्धत स्पेनमधून आलेली. जू घडवणारा सुतार, फाळ आणि साखळ्या करणारा लोहार, वाद्या करणारा कातडीकाम करणारा, अशी कारागिरांची साखळी पुन्हा उभी करावी लागली. तेथील कृषियंत्र संशोधन संस्थेने बैलांसाठी नांगरणी, कुळवणी अशी अनेक कामे करणारे एक बहुउपयोगी अवजारही तयार केले. एक फायदा अनपेक्षित निघाला. भर पावसाळ्यात जेथे ट्रॅक्टर रुततो, तेथे बैलजोडी शिरू शकते, आणि त्यामुळे काही शेतांवर पेरणीची वेळ साधता येऊ लागली. ज्या महाराष्ट्रात गावोगावच्या गोठ्यांतून बैल कमी होत आहेत, तेथील वाचकाला हे प्रकरण परके वाटणार नाही.

शहरांतली कहाणी ‘ऑर्गॅनोपोनिको’ नावाच्या भाजीमळ्यांची. जुन्या विटा, कौले, काँक्रीटचे तुकडे लावून उंच वाफे बांधायचे, त्यांत माती व कुजवलेले खत मिसळून भरायचे, आणि पडीक किंवा सिमेंट झालेल्या जागेवरही भाजी काढायची, असे हे तंत्र. पहिले प्रयोग १९८० च्या दशकाच्या अखेरीस लष्कराच्या आवारात झाले होते. टंचाईत ते राजधानी हवानाच्या मोकळ्या भूखंडांवर पसरले. रासायनिक कीटकनाशके मिळत नसल्याने छोट्या स्थानिक केंद्रांतून कीड मारणाऱ्या बुरशी व जिवाणू वाढवून शेतकऱ्यांना पुरवले गेले. रताळ्यावरच्या सोंडकिडीवर शोधलेला उपाय तर केवळ मुंग्यांचा. केळीच्या खांबाचे तुकडे मधाने माखून ठेवायचे, त्यात मुंग्यांनी बिऱ्हाड केले की ते तुकडे उचलून रताळ्याच्या शेतात नेऊन ठेवायचे. मुंग्या किडीचा फडशा पाडतात. क्यूबातील सेंद्रिय शेतीच्या गटाला १९९९ मध्ये ‘राइट लाइव्हलीहूड’ पुरस्कार मिळाला. मात्र या मळ्यांचे कौतुक करताना एक गोष्ट अनेकदा सुटते. त्यांनी भाजी दिली, पोटभरीचे धान्य नव्हे. तांदूळ, गहू आणि तेल बाहेरूनच येत राहिले. भारतातूनही १९९२ मध्ये मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाने वर्गणी काढून क्यूबाला गव्हाचे जहाज पाठवले होते.

दुरुस्ती हा तिसरा मोठा भाग, आणि क्यूबन माणूस सर्वांत अभिमानाने सांगतो तो हाच. सोव्हिएत ‘औरिका’ कपडे धुण्याच्या यंत्रातून सुकवणीची मोटर काढून लोक पंखे करीत. पंख्याच्या बैठकीसाठी जुन्या टेलिफोनचा सांगाडा चाले. फेकून द्यायच्या लायटरमध्ये पुन्हा इंधन भरून देणे हा रस्त्याकडेचा धंदाच झाला. सायकलला पाण्याच्या पंपाचे किंवा करवतीचे छोटे इंजिन बसवून केलेल्या वाहनाला ‘रिकिंबिली’ म्हणत. १९९२ मध्ये लष्कराच्या प्रकाशनसंस्थेने लोकांनी शोधलेल्या अशा युक्त्या गोळा करून पुस्तकरूपाने छापल्या. सरकारने सप्टेंबर १९९३ मध्ये शंभराहून अधिक किरकोळ व्यवसायांना खाजगीरीत्या करण्याची परवानगी दिली. दुरुस्तीवाले, न्हावी, शिंपी, खाणावळवाले उघडपणे पैसे घेऊ लागले. तोवर हीच कामे शेजारधर्माच्या नावाखाली चालत. हातात कसब असून ते विकण्याची मुभा नसेल तर त्याचा अर्धाच उपयोग होतो.

वाहतुकीसाठी चीनमधून दहा लाखांहून अधिक सायकली मागवण्यात आल्या आणि देशातही कारखाने निघाले. हवानाच्या खाडीखालच्या बोगद्यातून सायकलस्वारांना नेण्यासाठी खास बस असे. मालमोटारीला मागे प्रचंड डबा जोडून केलेल्या ‘कामेयो’, म्हणजे उंट, या वाहनात तीनशेपर्यंत माणसे कोंबली जात.

जेवणाचे मात्र कौशल्याने सुटले नाही. संत्रावर्गीय फळाची जाड साल तळून मांसाऐवजी ताटात येई, हवानातल्या सदनिकांच्या न्हाणीघरात डुकरे पाळली जात. तरीही प्रौढांचे वजन सरासरी पाच टक्क्यांहून अधिक घटले. १९९१ ते १९९३ मध्ये पन्नास हजारांवर लोकांना दृष्टी मंदावणे, हातापायांना बधिरता येणे असा मज्जातंतूंचा विकार झाला. अपुरा, एकसुरी आहार आणि ब गटातील जीवनसत्त्वांची उणीव हे त्याचे प्रमुख कारण मानले गेले. १९९३ मध्ये साऱ्या देशाला जीवनसत्त्वाच्या गोळ्या वाटल्यावर साथ ओसरली. पुढच्या काही वर्षांत मधुमेह व हृदयविकाराने होणारे मृत्यू घटल्याचे आढळले, त्याचे श्रेय वजन उतरण्याला आणि चालण्या-सायकलीला दिले जाते. उपासमारीची ही बाजू मांडणारे बहुधा भरल्या पोटी असतात.

हे सर्व घडले ते राज्ययंत्रणा टिकून असताना. शिधापत्रिकेवर थोडे का होईना धान्य मिळे, दवाखाने उघडे होते, गोळीबार नव्हता. एप्रिल १९९२ ते फेब्रुवारी १९९६ या वेढ्यात अडकलेल्या सारायेव्होत, बोस्नियाच्या राजधानीत, कौशल्यांचा क्रम निराळा होता : बिअरच्या कारखान्यातल्या झऱ्यावरून पाणी आणणे, उद्यानांतली झाडे तोडून चूल पेटती ठेवणे, आणि नेमबाजाच्या टप्प्यातला चौक कधी ओलांडायचा हे ओळखणे. त्याच युद्धात गोराझ्दे या कोंडलेल्या गावच्या लोकांनी द्रीना नदीत तरंगती पाणचक्की सोडून त्यावर जनित्रे चालवली.

क्यूबातही सगळे टिकून राहिले नाहीत. ऑगस्ट १९९४ मध्ये हवानात लोक रस्त्यावर उतरले, आणि त्या उन्हाळ्यात तीस हजारांहून अधिक माणसे टायरच्या ट्यूब व लाकडाच्या तराफ्यांवरून फ्लोरिडाकडे निघाली. तराफा बांधणे हेही त्या काळाचे एक कसब. त्यात चुकलेल्यांची गणती कोणाकडे नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सरकारने शेतकऱ्यांना उरलेला माल खुल्या बाजारात विकू दिला आणि अन्नाची तूट हळूहळू कमी होऊ लागली.

२००० नंतर व्हेनेझुएलाचे तेल येऊ लागले तशा हवानाच्या सायकली दिसेनाशा झाल्या. राजधानीतले शेवटचे कामेयो २००८ मध्ये निवृत्त झाले. ऑक्टोबर २०२४ मध्ये देशाचे मोठे औष्णिक वीजकेंद्र बंद पडून सारे बेट अंधारात गेले, तेव्हा अनेक घरांत पुन्हा कोळशाच्या शेगड्या पेटल्या.