लायडन, यान व्हान

(सु. १५०९ – २२ जानेवारी १५३६). जगाचा अंत जवळ आल्याची घोषणा करून जर्मनीतील म्यून्स्टर शहरावर सत्ता गाजविणारा अ‍ॅनाबॅप्टिस्ट, म्हणजे पुनर्बाप्तिस्मावादी (बालपणीचा बाप्तिस्मा न मानता प्रौढपणी पुन्हा बाप्तिस्मा देणाऱ्या ख्रिस्ती पंथाचा), पंथनेता. मूळ नाव यान बोकेल्सोन. जन्म नेदर्लंड्समधील लायडन शहरात किंवा त्याच्या परिसरात झाला असावा. तो अनौरस होता, याविषयी फारसे दुमत नाही. शिंपीकाम, व्यापार आणि खानावळ हे त्याचे क्रमाने व्यवसाय. पद्यरचनेची व नाट्यप्रयोगांची हौस होती. पुढील राजवैभवात हा नाटकीपणा दिसतो, असे काही अभ्यासक म्हणतात. ते अगदीच निराधार नाही.

मेल्खिओर हॉफमन या पंथाच्या धर्मोपदेशकाने १५३३ साली स्ट्रासबूर्ग येथे युगान्त होईल असे भाकीत केले होते. भाकीत फोल ठरले आणि हॉफमन तुरुंगात पडला. हार्लेमचा बेकरीवाला यान माथिस याने त्याच्या अनुयायांची सूत्रे हाती घेतली व यान बोकेल्सोनला बाप्तिस्मा दिला. जानेवारी १५३४ मध्ये यान म्यून्स्टरला पोहोचला. बेर्नहार्ट रोटमान या उपदेशकाने तेथील जमीन आधीच तयार केली होती. फेब्रुवारीतील नगरपरिषद निवडणूक पंथीयांनी जिंकली आणि पुनर्बाप्तिस्मा नाकारणाऱ्यांना शहराबाहेर काढण्यात आले. शहराचा अधिपती असलेला बिशप फ्रान्त्स फोन वाल्डेक याने शहराला वेढा घातला. ईस्टरच्या दिवशी (५ एप्रिल) माथिस मूठभर सोबत्यांसह वेशीबाहेर पडला व मारला गेला. नेतृत्व यानकडे आले.

यानने नगरपरिषद मोडून बारा वडीलधाऱ्यांचे मंडळ नेमले. खाजगी मालमत्ता सामाईक झाली, क्षुल्लक अपराधांनाही देहदंड ठरला. जुलैमध्ये बहुपत्नीत्व सक्तीचे झाले. या निर्णयाचे कारण वादग्रस्त आहे. समकालीन विरोधकांनी ते यानच्या वासनेत शोधले. पुढील अभ्यासकांनी शहरातील स्त्रियांची संख्या पुरुषांच्या कित्येक पट असल्याकडे, तर काहींनी ‘फलद्रूप व्हा, बहुगुणित व्हा’ या बायबलमधील आज्ञेकडे बोट दाखविले. दुसरे व तिसरे कारण एकत्र धरणे अधिक सयुक्तिक वाटते. मोलेनहेके या लोहाराने याविरुद्ध उठाव केला; तो दडपून पन्नासच्या आसपास लोक ठार करण्यात आले. सप्टेंबरच्या सुमारास ड्यूझेनशूर या सोनाराच्या ‘भविष्यवाणी’वरून यान ‘नव्या जेरुसलेम’चा, म्हणजे म्यून्स्टरचा, राजा झाला. त्याच्या पत्नींची संख्या सोळा मानली जाते. त्यांपैकी माथिसची विधवा दिवारा ही राणी. एलिझाबेट वांडशेरर या दुसऱ्या एका पत्नीचा त्याने भर चौकात स्वतः शिरच्छेद केला.

१५३५ च्या ईस्टरला सुटका होईल असे त्याने सांगितले होते. सुटका झाली नाही, तेव्हा ती आत्मिक होती असा खुलासा झाला. शहर उपासमारीने खंगले. जूनच्या अखेरीस ग्रेसबेक या सुताराने दाखविलेल्या वाटेने बिशपचे सैन्य आत शिरले.

या घटनांचे चित्र प्रामुख्याने दोन वृत्तान्तांवर आधारलेले आहे. एक याच ग्रेसबेकचा, म्हणजे फितूर झालेल्याचा. दुसरा केर्सेनब्रोक या शाळामास्तराचा. तो वेढ्याच्या आधीच शहर सोडून गेला होता आणि त्याने अनेक दशकांनी लिहिले. त्यामुळे क्रौर्याचे तपशील जपूनच घ्यावे लागतात. कार्ल काउट्स्की या मार्क्सवादी विचारवंताने या राजवटीत साम्यवादाचे पूर्वरूप पाहिले. मात्र कार्ल-हाइन्त्स किर्खहॉफ या इतिहासकाराने मालमत्तेच्या नोंदी तपासून (१९७३) पंथीयांत सधन नागरिकही पुष्कळ होते, असे दाखवून दिले.

यान आणि त्याचे सहकारी क्निपरडोलिंग व क्रेख्टिंग यांना २२ जानेवारी १५३६ रोजी तापलेल्या सांडशींनी यातना देऊन ठार मारण्यात आले. त्यांचे मृतदेह ज्यांत ठेवले होते ते लोखंडी पिंजरे संत लाम्बेर्ट चर्चच्या मनोऱ्यावर आजही लटकलेले आहेत. रोटमानचा मृतदेह मात्र सापडला नाही.