सगळेच मोड मूळव्याधीचे नसतात

आमच्या मराठवाड्यात संडासवाटे रक्त पडलं की पहिलं निदान घरातच होतं: ‘उष्णता झाली.’ मग ताक, सब्जा, ठेचा बंद. तरी थांबलं नाही तर दुसरं निदान: ‘मोड आलेत.’ मोड बिनाऑपरेशन घालवणाऱ्यांच्या पाट्या परभणीपासून उमरग्यापर्यंत कुठल्याही बसस्टँडजवळ सापडतील. बहुतेक वेळा हे निदान बरोबरही निघतं, आणि अडचण तिथंच आहे.

मूळव्याधीचे मोड म्हणजे गुदद्वाराशी फुगलेल्या रक्तवाहिन्या. त्यांचा कॅन्सर होत नाही. पॉलिप हाही मोडच, पण जात वेगळी. मोठं आतडं सुमारे दीड मीटर लांब. त्याच्या आतल्या अस्तरावर तो कुठंही उगवतो, कधी देठावरच्या अळंबीसारखा, कधी चपटा. दुखत नाही, खुपत नाही. लहान असेल तर रक्तही दिसत नाही.

आतड्याचं अस्तर चार-पाच दिवसांत नवं होतं. जुन्या पेशी झडतात, नव्या येतात. ही वाढ आवरणारा एक ब्रेक म्हणजे ‘एपीसी’ हे जनुक. एखाद्या पेशीत तो निकामी झाला की तिची पिलावळ साचत जाते आणि मोड येतो. तेवढ्यानं कॅन्सर होत नाही. पुढे ‘केरास’, ‘पी ५३’ अशा आणखी जनुकांत बिघाड व्हावे लागतात. बिघाडांची ही साखळी एरिक फेरॉन आणि बर्ट व्होगेलस्टीन यांनी १९९० साली मांडली. तिला साधारण दहा वर्षं लागतात. इतकी सवड देणारे कॅन्सर थोडेच.

‘ॲडेनोमा’ जातीच्या पॉलिपवर नजर ठेवावी लागते. पाच मिलिमीटरच्या आतला असेल तर धोका नगण्य, एक सेंटिमीटरच्या पुढं गेला की वाढतो. बहुतेक पॉलिप कधीच कॅन्सर होत नाहीत. पण आतड्याचे बहुतेक कॅन्सर कधीकाळी पॉलिपच होते. म्हणून गाजरगवतासारखं, फुलावर येण्याआधी उपटायचं. कोलोनोस्कोपीच्या, म्हणजे गुदद्वारातून आत घालून आतडं बघायच्या, नळीतून तारेचा फास जातो, देठाला आवळतो आणि कापतो. अस्तराला कापल्याची वेदना कळत नाही. (खरा त्रास आदल्या रात्रीचा: जुलाबाचं औषध पिऊन दहादा पळावं लागतं.) अमेरिकेतल्या ‘नॅशनल पॉलिप स्टडी’त ॲडेनोमा काढलेल्यांमध्ये कॅन्सरचं प्रमाण अपेक्षेपेक्षा ७६ ते ९० टक्क्यांनी कमी दिसलं. निष्कर्ष १९९३ चे. तुलना दुसऱ्याच लोकसमूहांशी होती, म्हणून आकडा जरा हात राखून घ्यावा.

मग सगळ्यांनीच तपासून घ्यावं का? अमेरिकेत २०२१ पासून पंचेचाळिशीतच चाचणी सुरू करायला सांगतात. आपल्याकडे मला तशी घाई दिसत नाही. बार्शीची ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७ पासून चालू आहे आणि तिच्यात धाराशिवच्या भूम-परंड्याची गावंही येतात. तिथं आतड्याचा कॅन्सर पाश्चात्त्य देशांच्या मानानं बराच कमी आढळतो. चोथा असलेलं खाणं धोका कमी करतं, तेव्हा भाकरीला थोडं श्रेय द्यायला हरकत नाही. पण ज्वारीच्या रानात आता सोयाबीन उभं आहे, आणि बिडी-सिगारेट, दारू हे धोका वाढवणारे पाहुणे कुठल्याच गावाला नवे नाहीत.

सरकारी तपासणीत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर बघतात, आतड्याचा नाही. तेव्हा लक्ष आपणच ठेवायचं. चाळिशी-पंचेचाळिशीनंतर पहिल्यांदाच रक्त पडलं, पोटाची नेहमीची सवय आठवडेच्या आठवडे बिघडली, किंवा पुरुषमाणसाचं हिमोग्लोबिन लोह कमी पडून उतरलं, तर पाटीवाल्याकडं न जाता आतडं बघून घ्यावं. आधीची मूळव्याध आहे म्हणून पॉलिप नसेलच असं नाही. दोन्ही एकाच घरात सुखानं नांदतात.

आणि आई-वडील किंवा सख्ख्या भावंडांत कुणाला हा कॅन्सर झाला असेल, तर रक्ताची वाट बघायचीच नाही. चाळिशीत, किंवा त्या माणसाला झाला त्या वयाच्या दहा वर्षं आधी, यातलं जे लवकर येईल तेव्हा तपासणी. वडिलांना पंचेचाळिसाव्या वर्षी झाला असेल, तर मुलानं पस्तिसाव्या वर्षी.