कॅन्सस सिटीचा प्रयोग: खेळाडू विकत घ्यावा की घडवावा

१९७० साली अमेरिकेतल्या अनेक शहरांत एक आगळी निवड चाचणी भरत होती. मेजर लीग या अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेत जेमतेम एक हंगाम खेळलेल्या कॅन्सस सिटी रॉयल्स या बेसबॉल संघाला तरुण खेळाडू हवे होते. परंतु चाचणीला येणाऱ्या मुलाला बेसबॉल उत्तम खेळता आलाच पाहिजे, अशी अट संघाने घातली नव्हती. मुलाचे वय विशीच्या आत असावे, त्याने शालेय शिक्षण पूर्ण केलेले असावे आणि साठ यार्ड, म्हणजे सुमारे ५५ मीटर, अंतर त्याने ६.९ सेकंदांत धावून दाखवावे, एवढीच अपेक्षा होती. सात हजारांहून अधिक मुले आली आणि त्यांतून चाळीसेक निवडली गेली. त्यांत फ्रँक व्हाइट नावाचा कॅन्सस सिटीतलाच एक मुलगा होता. त्याच्या शाळेत बेसबॉलचा संघच नव्हता.

या प्रयोगामागे संघाचे मालक इविंग कॉफमन होते. औषधनिर्मितीच्या व्यवसायात त्यांनी संपत्ती मिळवली होती आणि संशोधनावर आधी खर्च करायचा, फळाची वाट नंतर पाहायची, ही त्या व्यवसायाची रीत त्यांच्या अंगवळणी पडलेली होती. नव्या संघाला चांगले खेळाडू कोणी सहजासहजी देत नाही. १९६५ पासून ड्राफ्ट सुरू झालेला होता, म्हणजे शाळा-महाविद्यालयांतील खेळाडू संघांनी पाळीपाळीने निवडायचे आणि आदल्या हंगामात तळाला राहिलेल्या संघाने आधी निवडायचे. पण त्या वाटेने संघ उभा राहायला बरीच वर्षे लागतात. तेव्हा मुळात चांगल्या खेळाडूच्या अंगी कोणते गुण असतात, हे मोजून पाहावे आणि ते गुण असलेल्या मुलांना खेळ आपणच शिकवावा, असा विचार कॉफमन यांनी केला. संशोधक मानसशास्त्रज्ञाकडून व्यावसायिक खेळाडूंच्या चाचण्या करून घेतल्या गेल्या आणि चार गुण ठरले: धावण्याचा वेग, तीक्ष्ण दृष्टी, जलद प्रतिक्षिप्त हालचाल आणि शरीराचा तोल.

फ्लोरिडातील सॅरासोटा येथे उभारलेल्या या प्रबोधिनीत मुले महाविद्यालयीन शिक्षणही घेत आणि उरलेल्या वेळात कसून सराव करीत. १९७१ मध्ये, पहिल्याच वर्षी, तिच्या संघाने नवोदितांच्या स्पर्धेत ५३ पैकी ४० सामने जिंकले. समोरचे संघ ड्राफ्टमधून रीतसर निवडलेल्या मुलांचे होते, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे वजन कळते. तरीही खर्च जड जाऊ लागला आणि १९७४ मध्ये प्रबोधिनी बंद झाली. फ्रँक व्हाइट मात्र तोपर्यंत मेजर लीगमध्ये पोहोचला होता. ज्या मैदानाच्या बांधकामावर त्याने मजुरी केली होती, त्याच मैदानावर तो सेकंड बेस या क्षेत्ररक्षणाच्या जागी उभा राहू लागला आणि पुढे उत्कृष्ट क्षेत्ररक्षणासाठी दिला जाणारा गोल्ड ग्लव्ह पुरस्कार त्याने आठ वेळा मिळवला.

प्रबोधिनीतून वर गेलेल्यांची नावे पाहिली की एक गोष्ट डोळ्यांत भरते. फ्रँक व्हाइट, यू. एल. वॉशिंग्टन, रॉन वॉशिंग्टन हे सगळे चपळ क्षेत्ररक्षक होते. पहिल्या प्रतीचा फलंदाज किंवा चेंडू फेकणारा, म्हणजे पिचर, तिथून निघाला नाही. माझ्या मते हा योगायोग नव्हता; जे गुण मोजले गेले, त्यांचेच हे फळ होते.

बेसबॉलमध्ये पिचरच्या पायाखालची पट्टी फलंदाजापुढील प्लेटपासून १८.४४ मीटरवर असते, म्हणजे क्रिकेटच्या २०.१२ मीटरच्या खेळपट्टीहूनही हे अंतर कमी. चेंडू हातातून सुटतो तेव्हा पिचर आणखी दीडेक मीटर पुढे झुकलेला असतो. ताशी दीडशे किलोमीटर वेगाचा चेंडू उरलेले अंतर सुमारे ०.४ सेकंदात कापतो आणि बॅट फिरवण्यातच ०.१५ सेकंदाच्या आसपास जातो. डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट मेंदूत पोहोचून स्नायूंपर्यंत आज्ञा जाण्याचा काळ त्यातून वजा केला, तर चेंडू अर्ध्या वाटेवर असतानाच फलंदाजाचा निर्णय झालेला असावा लागतो. याचा अर्थ, तो चेंडू कुठे आहे हे पाहून फटका मारत नाही. तो कुठे असेल याचा अंदाज बांधून मारतो. पिचरचा खांदा, मनगटाचा कोन, चेंडूवरील शिवणीचे फिरणे यांतून तो अंदाज बांधला जातो आणि ही ओळख हजारो चेंडू पाहिल्यावरच मेंदूत रुजते. दिवा लागताच बटण दाबण्याच्या चाचणीत जो मुलगा पहिला येतो, त्याला ही ओळख आपोआप येत नाही. दृष्टीचेही तसेच आहे. १९९० च्या दशकात लॉस अँजेलिस डॉजर्सच्या खेळाडूंचे डोळे तपासले गेले, तेव्हा सामान्य माणसाला १३ फुटांवरून वाचता येणारे अक्षर ते सरासरीने २० फुटांवरून वाचत होते. अशी दृष्टी नसेल तर फलंदाजाचे अडते. पण ती असली म्हणून माणूस फलंदाज होतो असे नाही.

भारतीय वाचकांना याचे जवळचे उदाहरण आठवेल. २००८ मध्ये उत्तर प्रदेशातील रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोन भालाफेकपटू चेंडू वेगाने फेकण्याच्या स्पर्धेतून निवडले गेले आणि पिट्सबर्ग पायरेट्सने त्यांच्याशी करार केला. तोवर त्यांनी बेसबॉल हातातही धरला नव्हता, हे पाहता दोघांनी जे साधले ते असामान्यच आहे. तरीही मेजर लीगपर्यंत दोघांपैकी कोणी पोहोचला नाही, कारण इतर मुले ज्या वयात हजारो चेंडू फेकून चुका करून बसलेली असतात, ती वर्षे त्यांना मिळालीच नव्हती.

खुद्द रॉयल्सचा सर्वांत मोठा फलंदाज जॉर्ज ब्रेट हा १९७१ च्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या फेरीत आलेला होता. १९७४ च्या हंगामात तो आधी चाचपडत होता. प्रशिक्षक चार्ली लाव यांनी त्याची उभे राहण्याची ढब आणि शरीराचा भार मागच्या पायावरून पुढच्या पायावर नेण्याची रीत मुळापासून बदलली. १९८० मध्ये त्याच ब्रेटची सरासरी ०.३९० होती, म्हणजे दर शंभर संधींमागे ३९ यशस्वी फटके. १९८५ मध्ये रॉयल्सने वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाअखेरची विजेतेपदाची मालिका, जिंकली, तेव्हा संघात ब्रेट होता, व्हाइट होता, पहिल्या फेरीत निवडलेला विली विल्सन होता आणि एकोणिसाव्या फेरीत मिळालेला एकवीस वर्षांचा पिचर ब्रेट सेबरहेगनही होता.

त्या मालिकेत समोर सेंट लुईस कार्डिनल्स होते, आणि घरच्या घरी खेळाडू घडवण्याची कल्पना मुळात त्यांचीच. पहिल्या महायुद्धानंतर ब्रँच रिकी यांच्या हाती हा संघ होता तेव्हा तिजोरीत खडखडाट होता. चांगला खेळाडू दिसला की श्रीमंत संघ जास्त बोली लावून त्याला घेऊन जात. रिकी यांनी मग लहान गावांतील संघच विकत घ्यायला सुरुवात केली आणि १९४० च्या सुमारास अशा संघांची संख्या तिसाच्या वर गेली. या पद्धतीला काळी बाजूही होती: शेकडो मुले वर्षानुवर्षे खालच्या पायऱ्यांवर अडकून पडत आणि १९३८ मध्ये बेसबॉलचे आयुक्त केनेसॉ माउंटन लँडिस यांनी कार्डिनल्सच्या ७४ खेळाडूंना करारातून मुक्त केले. पण याच व्यवस्थेत स्टॅन म्यूझियल हा डावखुरा पिचर १९४० मध्ये खांदा दुखावून बसला, तेव्हा त्याला घरी न पाठवता फलंदाज म्हणून पुन्हा उभे करता आले. चुकण्याची आणि बदलण्याची ही जागा विकत मिळत नाही, आणि मला तीच या पद्धतीची खरी ताकद वाटते.

आज रॉयल्सच्या मुलाला कोलंबिया, क्वाड सिटीज, नॉर्थवेस्ट आर्कान्सा आणि ओमाहा या खालच्या स्तरांवरील संघांच्या चार पायऱ्या चढाव्या लागतात. त्यामागचे गणित दोन घड्याळांचे आहे. पहिले शरीराचे: वेग, ताकद आणि अनुभव यांचा मेळ बहुतेक फलंदाजांत २६ ते २९ या वयात सर्वांत चांगला बसतो आणि तिशीनंतर उतार लागतो. दुसरे कराराचे: मेजर लीगमध्ये सहा वर्षांची सेवा भरेपर्यंत खेळाडूवर संघाचा हक्क असतो आणि त्यांतील पहिली सुमारे तीन वर्षे तो किमान वेतनाच्या आसपास खेळतो. बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी वर आलेल्या मुलाची बहराची वर्षे घडवणाऱ्या संघालाच मिळतात. खुल्या बाजारात तो येतो तेव्हा तिशी जवळ आलेली असते आणि भाव मात्र मागच्या कामगिरीवर ठरतो. लहान शहराच्या संघाला या तफावतीतच वाव आहे.

१९८५ नंतर रॉयल्सची ही घडी विस्कटली आणि पुढची २८ वर्षे संघ अंतिम टप्प्याच्या सामन्यांत दिसलाच नाही. २००६ मध्ये अटलांटाहून सरव्यवस्थापक म्हणून आलेल्या डेटन मूर यांनी शिडी पायथ्यापासून दुरुस्त करायला घेतली. त्याच वर्षी व्हेनेझुएलातील साल्वाडोर पेरेझ हा सोळा वर्षांचा कॅचर, म्हणजे फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा खेळाडू, ६५ हजार डॉलरना करारबद्ध झाला. २०११ च्या सुरुवातीला देशातील सर्वोत्तम शंभर नवोदितांच्या एका प्रतिष्ठित यादीत रॉयल्सचे नऊ जण होते. त्या नऊ जणांचे पुढे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे.

एरिक हॉस्मर आणि माइक मुस्ताकास हे दोन फलंदाज संघाचे आधारस्तंभ झाले. तिसरा फलंदाज विल मायर्स आणि पिचर जेक ओडोरिझी व माइक माँटगोमेरी हे २०१२ च्या अखेरीस टॅम्पा बे संघाला दिले गेले. बदल्यात जेम्स शील्ड्स आणि वेड डेव्हिस हे पिचर आले आणि डेव्हिस अखेरच्या, म्हणजे नवव्या, इनिंगचा हुकमी माणूस ठरला. जॉन लॅम्बच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली आणि २०१५ मध्ये जॉनी क्वेटो या पिचरला आणण्यासाठी जे पिचर दिले गेले त्यांत तोही होता. क्रिस ड्वायरला मेजर लीगमध्ये जेमतेम संधी मिळाली. पाच पिचरांपैकी रॉयल्ससाठी दीर्घकाळ उभा राहिला तो एकटा डॅनी डफी, आणि त्याच्याही कोपरावर शस्त्रक्रिया करावी लागली होती.

पिचरांच्या बाबतीत असे का होते, याचे उत्तर शरीररचनेत आहे. वेगाने चेंडू फेकताना कोपरावर पडणारा पीळ प्रयोगशाळेतील मोजमापांत साठ न्यूटन-मीटरच्या वर जातो. मृतदेहांवरील प्रयोगांत मात्र कोपराच्या आतील बाजूचा, हाडे जोडणारा अस्थिबंध साधारण त्याच्या निम्म्या भारालाच तुटतो. उरलेला भार भोवतालचे स्नायू उचलतात. ते थकले की अस्थिबंध उघडा पडतो. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरच्या कोपरात हातातला दुसरा कंडरा बसवला, तेव्हापासून ही शस्त्रक्रिया त्याच्याच नावाने ओळखली जाते. दुरुस्ती शक्य झाली, तरी वर्ष-दीड वर्ष जातेच. म्हणून खेळाडू घडवणाऱ्या संघाला पाच पिचर हाताशी धरून त्यांतला एक टिकेल असा हिशेब मांडावा लागतो, आणि फेकलेल्या प्रत्येक चेंडूची मोजदाद ठेवावी लागते.

नऊ जणांतला शेवटचा ख्रिश्चन कोलोन. २०१० मध्ये चौथ्या क्रमांकावर निवडलेला हा खेळाडू अपेक्षेला उतरला नाही, असेच सारे म्हणत. २०१५ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये न्यूयॉर्क मेट्सविरुद्धच्या पाचव्या सामन्यात, बरोबरीमुळे लांबलेल्या बाराव्या इनिंगमध्ये त्याला त्या वर्षीच्या अंतिम टप्प्यातली पहिलीच संधी मिळाली आणि त्याच्याच फटक्याने विजयी आघाडी आली. मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू साल्वाडोर पेरेझ ठरला. पहिल्या सामन्यात नवव्या इनिंगमध्ये होम रन, म्हणजे चेंडू थेट मैदानाबाहेर धाडणारा फटका, मारून बरोबरी साधणारा अ‍ॅलेक्स गॉर्डन हा २००५ च्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर आलेला. थर्ड बेसवर तो अपयशी ठरला, तेव्हा २०१० मध्ये त्याला ओमाहाला परत पाठवून लेफ्ट फील्डचे क्षेत्ररक्षण नव्याने शिकवले होते. पुढे त्याने तिथे आठ गोल्ड ग्लव्ह मिळवले, फ्रँक व्हाइटइतकेच.

मग दुसरे घड्याळ वाजले. २०१७ नंतर हॉस्मर आठ वर्षांच्या करारावर सॅन दिएगोला गेला आणि २०१८ मध्ये रॉयल्सने १०४ सामने गमावले. त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये पहिल्या पाचही निवडी महाविद्यालयीन पिचरांच्या होत्या. त्यांतून २०१५ सारखा संघ काही उभा राहिला नाही. शिकवण्याच्या साधनांत मात्र मोठा बदल झाला होता. चेंडूचा वेग, त्याचे प्रतिमिनिट फेरे, बॅटवरून तो कोणत्या कोनात सुटला, हे आता रडार आणि कॅमेरे क्षणार्धात सांगतात. एम. जे. मेलेंडेझ या तरुण कॅचरची सरासरी २०१९ मध्ये ०.१६३ पर्यंत घसरली होती. २०२० मध्ये महासाथीमुळे खालच्या स्तरांचा हंगामच रद्द झाला, तेव्हा रॉयल्सने तिथल्या खेळाडूंना कामावरून कमी केले नाही. त्या मोकळ्या वर्षात त्याच्या फलंदाजीची दुरुस्ती झाली आणि २०२१ मध्ये त्याने ४१ होम रन मारले, जे मायनर लीगमध्ये, म्हणजे या सगळ्या खालच्या स्तरांत, त्या वर्षी सर्वाधिक होते. मेजर लीगच्या पिचरांपुढे मात्र त्याला तो बहर टिकवता आला नाही. वरच्या पायरीवरची परीक्षा वेगळीच असते.

या खालच्या पायऱ्यांवर मुले कशी जगतात, हा प्रश्नही घडवण्याच्या शास्त्राचाच भाग आहे, कारण उपाशी शरीरात स्नायू वाढत नाहीत. सर्वांत खालच्या पूर्ण हंगामी स्तरावर वर्षाला सुमारे ११ हजार डॉलर मिळत. २०२३ मध्ये खेळाडूंच्या संघटनेने केलेल्या पहिल्या सामूहिक करारानंतर ते २६ हजारांच्या वर गेले. हे फार पूर्वीच व्हायला हवे होते.

२०१९ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर निवडलेला बॉबी विट ज्युनियर नॉर्थवेस्ट आर्कान्सा आणि ओमाहा या पायऱ्या चढून २०२२ मध्ये वर आला. फेब्रुवारी २०२४ मध्ये, तो तेवीस वर्षांचा असताना, रॉयल्सने त्याच्याशी अकरा वर्षांचा, २८ कोटी ८७ लाख डॉलरचा करार केला. बहराची सगळी वर्षे त्यात येतात. त्या हंगामात त्याने ०.३३२ च्या सरासरीने अमेरिकन लीगमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या दोन गटांपैकी एकात, फलंदाजीचे पहिले स्थान मिळवले आणि आदल्या वर्षी १०६ सामने हरलेला संघ ८६ सामने जिंकून अंतिम टप्प्यात पोहोचला. कर्णधार होता साल्वाडोर पेरेझ, चौतिसाव्या वर्षीही कॅचरच्या जागी.