डेबियन १२ वरून १३: तुमच्या सर्व्हरचे अपग्रेड कसे होते

देखभाल करार असलेल्या ग्राहकांसाठी माहिती

डेबियन ही तुमच्या सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टम. तिची आवृत्ती १३, म्हणजे ट्रिक्सी, ९ ऑगस्ट २०२५ ला आली. तुमच्या सर्व्हरवर अजून १२ (बुकवर्म) असेल तर घाबरण्याचे कारण नाही, पण फार रेंगाळायलाही नको. १२ ला नियमित सुरक्षा-दुरुस्त्या जून २०२६ पर्यंत आणि पुढे एलटीएस (दीर्घकालीन आधार) योजनेखाली जून २०२८ अखेरपर्यंत मिळतात. एलटीएसमध्ये सगळीच पॅकेजे (सिस्टमवरचे प्रोग्राम) धरलेली नसतात. त्यामुळे त्या मुदतीच्या भरवशावर राहू नये, असे आमचे मत आहे.

नवी आवृत्ती आल्या आल्या आम्ही ती कोणाच्याही मुख्य सर्व्हरवर टाकत नाही. डेबियन स्वतः यात सावध असते: ट्रिक्सीसाठी मार्च २०२५ पासून टप्प्याटप्प्याने बदल गोठवत आणले गेले, २७ जुलैला पूर्ण गोठवणूक झाली आणि मगच आवृत्ती निघाली. तरीही चित्रविचित्र हार्डवेअर आणि वर्षानुवर्षांच्या सेटिंग्जवर ती खरी वापरली जाते ती बाहेर पडल्यावरच. म्हणून किमान पहिली दुरुस्ती-आवृत्ती, १३.१, येईपर्यंत थांबायचे हा आमचा नियम. ती ६ सप्टेंबर २०२५ ला आली.

आधीची तयारी

पहिल्यांदा तुमच्या सर्व्हरची प्रत आमच्याकडच्या मशीनवर उभी करून तिच्यावर अपग्रेड करतो. मग तुमच्याकडचे सर्वांत कमी महत्त्वाचे यंत्र, आणि किमान आठवडाभर ते नीट चालले तरच मुख्य सर्व्हर. या आठवड्यात काहीच घडत नाहीये असे वाटेल. प्रिंटिंग, रात्रीचे बॅकअप आणि हजेरीच्या मशीनची जोडणी यांतले दोष मात्र याच दिवसांत वर येतात.

प्रतीवर आम्ही पुढील गोष्टी तपासतो:

- बूटचे विभाजन वेगळे असेल तर ते ७६८ एमबीचे आणि त्यात सुमारे ३०० एमबी मोकळे हवे. जुन्या सर्व्हरवर ते बरेचदा २५० एमबीचेच असते. मग जागा अपुरी पडून नवे कर्नल, म्हणजे सिस्टमचा गाभा, अर्धवट लिहिले जाते आणि रिबूटला यंत्र उठत नाही.
- ॲप्टच्या (पॅकेजे आणणाऱ्या साधनाच्या) यादीत डेबियनबाहेरचे स्रोत असतील तर ते तात्पुरते बंद. होल्डवर (अपग्रेडपासून रोखून) ठेवलेली पॅकेजे मोकळी.
- यादीत 'स्टेबल' असे मोघम लिहिलेले असेल तर तिथे आवृत्तीचे नाव. नाहीतर नवी आवृत्ती आली की यंत्राचा स्रोतच बदलतो.

नेमके काय बिघडते

सर्वांत फसवा बदल सिसकंट्रोलचा, म्हणजे कर्नलच्या सेटिंग्जचा, आहे. ईटीसीमधली सिसकंट्रोल.कॉन्फ ही फाइल १३ मध्ये यंत्र सुरू होताना वाचली जात नाही. ज्या ऑफिसात सर्व्हरच गेटवे आहे, तिथे आयपी फॉरवर्डिंगची (पीसींचे इंटरनेट पुढे पाठवण्याची) ओळ बहुधा याच फाइलमध्ये असते. रिबूटनंतर सर्व्हरवरून इंटरनेट व्यवस्थित दिसते, पण ऑफिसातल्या एकाही पीसीला मिळत नाही, आणि सगळे ब्रॉडबँडवाल्याला फोन लावत बसतात. ती ओळ सिसकंट्रोल.डी फोल्डरमधल्या वेगळ्या फाइलमध्ये हलवली की काम होते.

टेम्प (तात्पुरत्या फाइलींचा) फोल्डर आता डिस्कवर नसून रॅममध्ये असतो आणि त्याला रॅमच्या निम्म्यापर्यंत मर्यादा असते. ८ जीबी रॅमच्या सर्व्हरवर रात्रीचा डेटाबेस बॅकअप आधी टेम्पमध्ये ६ जीबीची फाइल तयार करत असेल, तर तो अर्ध्यात कोसळतो. अशी स्क्रिप्ट सापडली तर तिची जागा बदलतो. ती दुसऱ्या कंपनीची असेल आणि हात लावता येत नसेल तर टेम्प पुन्हा डिस्कवर आणतो.

नेटवर्क कार्डाचे नाव बदलू शकते. मग सर्व्हर चालू असतो, पण दुरून सापडत नाही. यासाठी आम्ही कार्डाच्या मॅक पत्त्यावरून नाव आधीच पक्के करतो. तरीही त्या रात्री सर्व्हर-रूमची किल्ली असलेला तुमचा एक माणूस फोनवर हवा, आणि सर्व्हरला मॉनिटर व कीबोर्ड जोडलेला हवा.

डेटाबेसचे दोन प्रकार, दोन तऱ्हा. मारियाडीबी १०.११ वरून ११.८ वर आपोआप जाते, पण त्याआधी ती रीतसर बंद झालेली असली पाहिजे. वीज जाऊन बंद पडलेली चालत नाही. पोस्टग्रेस १५ मात्र आपोआप १७ होत नाही. जुने क्लस्टर, म्हणजे जुन्या आवृत्तीचा डेटाबेस, तसेच चालू राहते, डेटा आम्ही वेगळा हलवतो. मेलसाठी डव्हकॉट असेल तर २.४ ला जुनी सेटिंग्ज चालत नाहीत, ती प्रतीवरच नव्याने लिहून ठेवतो.

अपग्रेडच्या मध्येच यंत्र विचारते: सेटिंगची फाइल तुमची ठेवू की पॅकेजची घेऊ? साम्बाच्या (फोल्डर शेअर करणाऱ्या प्रोग्रामच्या) बाबतीत इथे 'पॅकेजची' म्हटले, की सोमवारी सकाळी अकाउंट्सचे शेअर फोल्डर गायब. आम्ही तुमचीच ठेवतो आणि दोन्हींतला फरक नंतर वाचतो.

दिवस कोणता

दर महिन्याच्या मुदती: ७ ला टीडीएस, ११ ला जीएसटीआर-१, २० ला जीएसटीआर-३बी. म्हणून २१ नंतरचा शनिवार धरतो. मार्च आणि दिवाळीआधीचा पंधरवडा नाही म्हणजे नाही. भोसरी-चिंचवडकडचे कारखानदार सुट्टी म्हणून गुरुवार सुचवतात, पण महावितरणची दुरुस्तीची कामेही तिथे गुरुवारीच निघतात. अर्ध्या अपग्रेडवर वीज जाणे हा सर्वांत वाईट प्रसंग. यूपीएसची बॅटरी आदल्या आठवड्यात लोड देऊन तपासून घ्या.

शनिवारी संध्याकाळी ७ वाजता सर्वांनी लॉगआउट करायचे. त्यानंतर शेवटचा बॅकअप, डेटाबेस बंद, पूर्ण स्नॅपशॉट (डिस्कची त्या क्षणाची स्थिती). मग टीमक्समध्ये, म्हणजे आमची लाइन तुटली तरी काम चालू राहील असे, आधी नवी पॅकेजे न आणता साधे अपग्रेड आणि त्यानंतर फुल-अपग्रेड.

मागे फिरणे

हे नीट वाचावे. डेबियनमध्ये १३ वरून १२ वर उतरण्याची सोय नाही. मागे फिरायचे म्हणजे स्नॅपशॉट परत लावायचा, आणि त्यानंतरच्या नोंदी पुसल्या जायच्या. म्हणून रविवारी दुपारी ४ पर्यंत निर्णय पक्का करतो. तुमच्याकडच्या दोन माणसांनी रविवारी सकाळी येऊन बिल काढून, छापून, शेअर फोल्डर उघडून आणि एक मेल पाठवून पाहायचे. नोंदी चाचणीपुरत्याच करायच्या. ४ वाजता तुमचा लेखी होकार नसेल तर आम्ही जुन्यावर परत जातो, मग दोष कितीही किरकोळ वाटो. सोमवारी बिले फाडायला सुरुवात झाल्यावर 'जुनेच बरे होते' म्हणालात, तर सोमवारची बिले हाताने पुन्हा भरावी लागतील.

एलव्हीएमचा (डिस्कची जागा सांभाळणाऱ्या व्यवस्थेचा) स्नॅपशॉट आठवडाभरापेक्षा जास्त ठेवत नाही. तो डिस्कचा वेग कमी करतो, आणि त्याला दिलेली जागा भरली की निकामी होतो. बाहेरच्या डिस्कवरची प्रत मात्र ३० दिवस राहते. ती डिस्क तुमच्याच कपाटात, सर्व्हर-रूमबाहेर ठेवा.

३२-बिट प्रोसेसरच्या जुन्या यंत्रांवर १३ बसत नाही. अशी यंत्रे असलेल्या ग्राहकांना आम्ही बदलीचे कोटेशन वेगळे पाठवतो.