कृत्रिम बुद्धिमत्तेचं धोरण आणि खाजनाचा बांध

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या राष्ट्रीय धोरणाची चर्चा निघाली की गाडी हमखास चिपांवर येते. मार्च २०२४ मध्ये केंद्राने 'इंडिया एआय मिशन' मंजूर केलं, सुमारे १०,३७२ कोटींचं. त्यात दहा हजारांहून अधिक जीपीयू, म्हणजे यंत्राला शिकवायला लागणाऱ्या वेगवान चिपा, उभारण्याचं उद्दिष्ट होतं. हवंच ते. पण जीपीयू पैसे टाकून आणता येतात. यंत्राला शिकवायला लागणारा डेटा गावोगाव जमवावा लागतो.

नीती आयोगाने जून २०१८ मध्ये आरोग्य, शेती, शिक्षण, स्मार्ट शहरं आणि वाहतूक अशी पाच क्षेत्रं निवडली होती. शेती म्हटलं की गोव्यात खाजनं, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली खाडीकाठची सखल शेतं, आलीच. मानशीचं, म्हणजे बांधातल्या पाणझडपेचं, दार भरतीच्या दाबाने आपसूक मिटतं, ओहोटीला आतलं पाणी ते ढकलून बाहेर पडतं. बांधाला भगदाड पडलं की मात्र खारं पाणी थेट शेतात घुसतं.

कुठला बांध धोक्यात आहे, हे यंत्र आधी सांगू शकेल का? तत्त्वतः हो. भरतीची वेळ नि उंची चंद्र-सूर्याच्या ओढीवरून कितीतरी आधी काढता येते, पाऊस वेधशाळा मोजते, वरून उपग्रह पाहतात. पण यंत्र उदाहरणांवरून शिकतं. फुटलेले बांध दाखवायचे, टिकलेलेही दाखवायचे, आणि प्रत्येकापुढे कारण लिहायचं. इथेच घोडं अडतं. बांध खेकड्यांनी पोखरला, मानशीची फळी कुजली, की मासळीच्या पैदाशीसाठी कुणी मुद्दाम फोडला? (हा शेवटचा प्रश्न गोव्यात चारचौघांत विचारून बघा!) फोडलेल्या बांधापुढे 'भरतीने फुटला' असं लिहिलं, तर यंत्र निमूटपणे भरतीलाच दोषी धरायला शिकेल. जीपीयू कितीही वाढवा, ही चूक धुऊन निघत नाही. उलट तीच चूक ते अधिक वेगाने गिरवतील.

खरी कारणं ठाऊक असतात ती बांधावर राबणाऱ्यांना, आणि ती सांगितली जातात बहुधा कोकणीत. २०२२ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या 'भाषिणी' या यांत्रिक भाषांतराच्या उपक्रमात कोकणीही आहे. मात्र २०११ च्या जनगणनेत कोकणी मातृभाषा सांगणारे साडेबावीस लाखांच्या आसपास, त्यात लेखन देवनागरी, रोमी, कन्नड अशा लिप्यांत वाटलेलं. त्यामुळे यंत्राला वाचायला मिळणारा मजकूर मुळातच तुटपुंजा. गोव्याच्या तिसवाडी तालुक्यातल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याचं बोलणं टिपायचं तर तिथल्याच बोलीचे आवाज आधी ध्वनिमुद्रित करावे लागतील.

माझ्या मते मिशनच्या निधीतला थोडा वाटा विभागीय कृषी कार्यालयांतल्या नोंदींसाठी राखावा. प्रत्येक भगदाडाची तारीख, जागा, त्या दिवशीची भरती, मानशीची अवस्था एकाच नमुन्यात लिहावी, आणि कारणाच्या रकान्यात 'माहीत नाही' हाही पर्याय असावा. नाहीतर कारकून काहीतरी भरून मोकळा होतो.